पावणेतीन तास

सोमवार, ३ मार्च

जाऊबाईंनी बातमी दिली ती गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेता घेता! मी वरच्या मजल्यावर सुई-दोरा मागायला गेले होते. टेपवरून नजर न काढता म्हणाल्या, "साडेएकवीस. — धाकटे, डावीकडे काहीतरी लागतंय मला. महिना झाला." गिऱ्हाईक बाई माझ्याकडे बघायला लागली, मी जाऊबाईंकडे, आणि जाऊबाई टेपकडे.

ती गेल्यावर दार लावून हात लावून बघितलं. गाठ म्हणावी अशी नाही. नुसतं जाडसर. "अस्तराची घडी आत राहून गेली की लागतं ना, तसं," त्या म्हणाल्या. बत्तीस वर्षं कपडे शिवतायत. त्यांच्या बोटांना खोटं पाडणारी मी कोण! मोठ्या दिरांना अजून पत्ता नाही. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर अर्धी राहिलीय, आणि दीर घाबरले की पान्हा घेऊन स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला बसतात. मग दिवसभर पाणी बंद.

मी सगळं हातात घेतलं. आमच्याच हॉस्पिटलात फोन केला, परवाची सोनोग्राफी आणि सुईची तपासणी ठरवली. नमुना आमच्याच लॅबमध्ये येणार, म्हणजे माझ्याच हातात. सव्वीस वर्षं झाली या कामाला. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये भिजवायचा, मेणात बसवायचा, केसाहून पातळ कापायचा, रंगवायचा आणि काचेवर लावून डॉक्टरबाईंच्या मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. निदान त्या करतात. पण काचच धड नसेल तर त्या तरी काय डोंबल बघणार?

"घाबरायचं काही कारण नाही," मी जाऊबाईंना सांगितलं. "मी आहे ना." "तेच तर," त्या म्हणाल्या. या बाईला सरळ बोलताच येत नाही!

बुधवार, ५ मार्च

झाली तपासणी. त्या सुईच्या बंदुकीचा खटका असा वाजतो की दचकायलाच होतं. चार वेळा वाजला. चौथ्यांदा जाऊबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पुन्हा नाही हं. मेले तरी पुन्हा नाही."

शेवयांसारखे चार बारीक तुकडे. बाटली मी स्वतःच लॅबमध्ये नेली. बारा वाजता तुकडे फॉर्मॅलिनमध्ये.

आमचा नियम साधा आहे. छातीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये कमीत कमी सहा तास. भिंतीवर लावलाय तो कागद, माझ्याच अक्षरात, लाल शाईने! पण सहा तास म्हणजे नमुना रात्रीच्या बॅचला जाणार आणि एक अख्खा दिवस वाया. दुपारी पावणेतीनला छोट्या तुकड्यांची झटपट बॅच असते, पोटाबिटातल्या. त्यातच लावून टाकले जाऊबाईंचे. एवढेसे तर तुकडे, भिजायला असा कितीसा वेळ लागणार? आणि आपल्या माणसासाठी आपण एवढंही करायचं नाही, तर एवढी वर्षं तिथे बसून मिळवलं काय! मागच्या वर्षी कँटीनवालीच्या बहिणीचंही असंच दुपारच्या बॅचला लावलं होतं. दोन दिवसांत रिपोर्ट हातात. तेव्हापासून कँटीनवाली माझ्या चहाबरोबर न मागता दोन बिस्किटं ठेवते.

वहीत 'बाहेर काढल्याची वेळ' हा रकाना तेवढा रिकामा ठेवला. उद्या भरीन.

गुरुवार, ६ मार्च

कॅन्सर आहे.

सकाळी काप घेतले, रंगवले आणि डॉक्टरबाईंच्या आधी मीच बघितले. बघायचे नसतात. बघितले. पेशी एकामागे एक, एकेरी रांगेत, कुणी कुणाला धरलेलं नाही. सव्वीस वर्षांत कितीदा पाहिलंय हे! डॉक्टरबाईंनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, "लोब्युलर. पसरणारा." मी मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं नळ सोडून उभी राहिले. मग तोंड धुतलं. रडून काय होणार, कामं पडली होती.

संध्याकाळी वर गेले. दीर, जाऊबाई, हे आणि मी, चौघं टेबलाभोवती. मी सांगून टाकलं. दीर उठले. आम्हाला वाटलं पाणी प्यायला उठले. थोड्या वेळाने पान्ह्याचा आवाज यायला लागला.

जाऊबाई बराच वेळ टेबलावरचे दोरे गोळा करत होत्या. मग म्हणाल्या, "कॅन्सर तो कॅन्सर. त्यात लोब्युलर काय नि फोब्युलर काय?"

बस! माझ्या आवडीचा विषय. त्यांच्याच खडूने त्यांच्याच कापडावर चित्र काढलं. ओरडल्या, पण बघत राहिल्या. दूध जिथे तयार होतं त्या ग्रंथी, म्हणजे लोब्यूल. तिथून दूध नेणाऱ्या नळ्या, म्हणजे डक्ट. बहुतेकींचा कॅन्सर नळीत सुरू होतो. तुमचा ग्रंथीतला. नळीतला गोळा होऊन बसतो, म्हणून हाताला टणक गाठ लागते. ग्रंथीतला बऱ्याचदा रांगेरांगेने आत शिरत जातो, गाठ अशी होतच नाही. म्हणून तुम्हाला घडीसारखं लागलं. कितीतरी डॉक्टरांच्या हाताला लागलं नसतं ते!

"म्हणजे मी डॉक्टरांपेक्षा हुशार," जाऊबाई म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता, पण म्हणाल्या.

मग 'पसरणारा' म्हणजे काय ते सांगितलं. कधी कधी कॅन्सर नळीच्या आतच असतो, भिंत ओलांडलेली नसते. ती अगदी पहिली पायरी. तुमच्याने भिंत ओलांडलीय, पण काखेत गेलाय असं सोनोग्राफीत तरी दिसलेलं नाही. एक प्रकार तर असा की गाठच नाही, नुसती छाती लाल होऊन सुजते, आणि बायका महिनाभर मलम लावत बसतात.

"आणि हे सगळं कळून मला उपयोग?"

"खरा उपयोग पुढच्या परीक्षेचा," मी म्हटलं. आता याच तुकड्यांवर तीन रंग लावून बघायचे. दोन रंग हार्मोनचे, तिसरा हर-टू नावाच्या प्रथिनाचा. पेशी हार्मोनच्या रंगाने तपकिरी झाल्या, तर तो कॅन्सर शरीरातल्या हार्मोनवर पोसला जातोय. मग त्याचं खाणंच बंद करणारी गोळी असते. हर-टू निघाला तर त्याची वेगळी इंजेक्शनं. आणि तिन्ही कोरे निघाले तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. मग ही गोळीही नाही, ती इंजेक्शनंही नाहीत. मुख्य भर केमोवर. दोघींचं दुखणं एकच दिसलं तरी औषध वेगळं ते असं.

"कापड बघून सुई बदलायची," जाऊबाई म्हणाल्या. "एवढंच ना? मग इतका वेळ काय लावलास!" मी चाळीस मिनिटं घसा कोरडा केला होता.

शुक्रवार, ७ मार्च

तिन्ही रंग लावायला घेतले. उद्या उत्तर. ग्रंथीतले जवळजवळ सगळे हार्मोनवाले असतात. जाऊबाईंना गोळीच लागणार, लिहून ठेवते.

शनिवार, ८ मार्च

तिन्ही कोरे.

दोनदा बघितलं. रसायनं चुकली असतील म्हणून कोपरा बघितला. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात आम्ही आधीच तपासलेला एक जुना तुकडा लावतो, तो रंगायलाच हवा. तो छान तपकिरी झालाय. म्हणजे रसायनं चोख. म्हणजे जाऊबाईंचाच रंगला नाही.

डॉक्टरबाई आज सुट्टीवर. रिपोर्टवर सही सोमवारी. थांबायला हवं होतं. पण घरात पाऊल टाकलं तर जाऊबाई जिन्यातच उभ्या. माझा चेहरा त्यांनी मापून घेतला, आणि मी सांगून बसले.

"म्हणजे केस जाणार."

"परत येतात."

"मला माहितीय परत येतात. कधी जाणार ते सांग. गणवेश बावीस तारखेला द्यायचेत. टकलं डोकं बघून शाळेतली पोरं माप द्यायची नाहीत मला."

मग अचानक मशीनवर बसल्या आणि कॉलर लावायला लागल्या. शिवण सरळ चालली होती. मी जवळ बसून राहिले. खूप जीव आहे माझा या बाईवर. कधी सांगितलेलं नाही, आणि आता सांगितलं तर घाबरेल.

असो! केमो तर केमो. ट्रिपल निगेटिव्ह झालेल्या कितीतरी जणी ठणठणीत आहेत. कँटीनवालीच्या बहिणीचंच बघा की. तिचेही तिन्ही कोरेच होते. केमो झाली, ऑपरेशन झालं, आता टोपी घालून काउंटरवर बसते. जाऊबाईंसाठी पहिल्या केमोची तारीखसुद्धा मी मनात काढून ठेवली, तेवीस. गणवेश दिल्यावर दुसऱ्याच दिवशी.

सोमवार, १० मार्च

डॉक्टरबाईंनी काचा बघितल्या आणि सही केली नाही.

"बसत नाही हे," म्हणाल्या. "लोब्युलर, इतका सौम्य दिसणारा, आणि तिन्ही निगेटिव्ह? अशक्य नाही, पण फारच क्वचित." मी ठणकावून सांगितलं, कोपऱ्यातला तुकडा रंगलाय, रसायनं मी स्वतः तपासलीत. त्यांनी मला दुसऱ्या भिंगाशी बसवलं. "हे बघा. ही तुमच्या जाऊबाईंची निरोगी नळी. कॅन्सर नसलेली. हिच्या थोड्या तरी पेशी हार्मोनला रंगायला हव्यात. एक तरी दिसतेय?"

एकही नाही. शनिवारी दोनदा बघितलं मी, आणि निरोगी नळीकडे नजरसुद्धा टाकली नाही!

"कोपऱ्यातला तुकडा चांगला भिजवलेला आहे. हा फॉर्मॅलिनमध्ये किती तास होता?"

"वहीत बघून सांगते," मी म्हटलं. आणि काय, रकाना रिकामा.

दिवसभर ती वही माझ्या टेबलावर उघडी होती. कमी भिजलेल्या तुकड्यात रंग धरत नाही, म्हणजे उत्तर खोटं 'नाही' येतं. हे मी दरवर्षी नव्या लोकांना शिकवते. फळ्यावर लिहून शिकवते! पेन उचललं तर दोन गोष्टी लिहिता येत होत्या. 'रात्री आठ' लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. डॉक्टरबाईंचा माझ्या शब्दावर विश्वास आहे. क्वचित का होईना, पण असतं, म्हणून त्यांनी सही केली असती. माझी सव्वीस वर्षं शाबूत. जाऊबाईंचे केस गेले असते आणि त्यांना लागू पडणारी गोळी त्यांना कुणी दिलीच नसती.

काहीच न लिहिता घरी आले.

मंगळवार, ११ मार्च

लिहिलं. आत — बारा. बाहेर — पावणेतीन. एकूण पावणेतीन तास. खाली सही.

डॉक्टरबाईंनी वाचलं. भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "अक्षर कुणाचं?"

"माझं."

"नवा नमुना लागेल. जाऊबाईंना तुम्ही सांगणार की मी?"

मी म्हटलं, मी. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवार, १२ मार्च

सांगितलं. सकाळीच, दीर बाजारात गेल्यावर. चहाही घेतला नाही आधी. रिपोर्ट खोटा असू शकतो, पुन्हा सुई टोचावी लागेल आणि चूक माझी आहे. लवकर व्हावं म्हणून मीच घाई केली, सहा तास भिजवायचं ते पावणेतीन तासांत काढलं.

जाऊबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. मला वाटलं, आता चार शब्द ऐकायचे. ऐकायचेच होते.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "कापड न भिजवता कापलंस तू."

गेली नऊ वर्षं! नऊ वर्षं मी कोटावरून त्यांना बोलतेय. माझ्या लेकीच्या मुलाखतीचा कोट. वेळ नव्हता म्हणून त्यांनी कापड आधी न भिजवताच कापलं, आणि पहिल्या धुण्यात बाह्या मनगटाच्या वर! चार लोक जमले की मी ती गोष्ट काढते. बाहीची लांबी हाताने दाखवून काढते.

"आपल्या घरची पोर म्हणून घाई केली होती मी," जाऊबाई म्हणाल्या. "बाहेरच्या कुणाची असती तर रात्रभर बादलीत ठेवलं असतं कापड. पण तुला कोण सांगणार? तू हसत बसलेली."

मला रडू फुटलं. त्यांनी पदर पुढे केला, मग मागे घेतला, "नको, नवा आहे" म्हणाल्या आणि चिंधी दिली. मग दोघी हसलो. मग त्या रडल्या, आणि मी चिंधी परत दिली.

"पुन्हा खटका," त्या म्हणाल्या. "चार वेळा?"

"चार वेळा."

"मग दोन्ही बांगड्या काढून ये. आणि कोटाचा विषय आजपासून बंद."

बंद. कानाला खडा.

शुक्रवार, १४ मार्च

चार खटके. बांगड्या नव्हत्या, म्हणून बोटं धरली. अजून दुखतायत.

बाटलीवर वेळ लिहिली, वहीत वेळ लिहिली, आणि बाटलीला हात लावला नाही. उद्या सकाळपर्यंत भिजू दे. दर तासाला जाऊन नुसती बघत होते. डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या, "अंडी उबवताय का?"

मंगळवार, १८ मार्च

तपकिरी!!

सगळ्या पेशी. निरोगी नळ्यांनीही रंग धरलाय, आणि कॅन्सरच्या रांगा तर गडद, कॉफीसारख्या. पहिल्या हार्मोनला आठपैकी आठ, दुसऱ्याला सात. हर-टू नाही. या वेळी मी काचा आधी बघितल्या नाहीत, सांगून ठेवते. डॉक्टरबाईंनी स्वतःच हाक मारली, खुर्ची सरकवून दिली आणि सही केली.

आधी ऑपरेशन. मग पाच वर्षं तरी रोज एक गोळी. केमो कदाचित लागणारही नाही, ते ऑपरेशननंतर ठरेल. पहिल्या रिपोर्टवर गेलो असतो तर तेवीस तारखेला सुरू झाली असती!

घरी जिन्यातूनच ओरडत गेले. दिरांनी ऐकलं आणि पान्हा टेबलावर ठेवला. बारा दिवसांनी घरात पाणी आलं. जाऊबाई म्हणाल्या, "एक गोळी? एवढ्यासाठी मी इतकी रडले?" आणि पुन्हा रडल्या.

मी फुशारकी मारायला लागले, म्हटलं शेवटी माझ्याच लॅबने शोधून काढलं. त्या काज शिवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोट बिघडला तेव्हा मी काय केलं होतं, माहितीय? त्याच ताग्यातलं कापड, त्याच घाईत, आणखी दोघींचं कापलं होतं. दोघींना घरी जाऊन सांगितलं, कपडे परत आणले." दोरा तोडला. "तू माझ्याआधी कुणाकुणाचं केलं होतंस असं लवकर?"

मी म्हटलं, छे, कुणाचं नाही. आणि खाली आले.

बुधवार, १९ मार्च

साडेसातला लॅब उघडली. मागच्या वर्षीची वही काढली. कँटीनवालीची बहीण. आत — बारा. बाहेर — पावणेतीन. माझंच अक्षर, रकानासुद्धा भरलेला. तिचा नळीतला होता, तिन्ही निगेटिव्ह असायला कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. गोळी तिला कुणीच दिली नाही. ऑपरेशनच्या वेळची तिची गाठ कपाटात आहे, रात्रभर नीट भिजलेली. ती कुणी रंगवलीच नाही. उत्तर आधीच मिळालं होतं ना, माझ्याकडून, दोन दिवसांत.

त्या गाठीचा मेणातला ब्लॉक डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलाय, वही उघडून शेजारी. खाली कँटीन उघडल्याचा आवाज आला. आज ती बिस्किटं ठेवायच्या आधी सांगायचं.